ययातीतला गॅस

आज दिवसभर चंद्रा दुर्बिणीच्या जुन्या क्ष-किरण प्रतिमेवर वर्तुळं काढत बसले होते. ययाती तारकासमूहातला दीर्घिकांचा गुच्छ, मधोमध एनजीसी 1275 ही दीर्घिका, अंतर सुमारे 24 कोटी प्रकाशवर्षं. एकेका कड्यातले फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, मोजायचे आणि बाहेर जाताना दीर्घिकांमधला वायू किती झपाट्याने विरळ होतो ते बघायचं. तापमान कोट्यवधी अंश, पण घनसेंटिमीटरमागे धड एक कणही नाही. हात घातला तरी चटका बसायचा नाही! तरी गुच्छातल्या सगळ्या ताऱ्यांपेक्षा या वायूचंच वस्तुमान कितीतरी जास्त.

दुपारी आलेखात एक उंचवटा दिसला. तासभर मी हवेत. मग कळलं, गुच्छामागच्या दुसऱ्याच कशाचा तरी एक ठिपका वगळायचाच राहिला होता.

खरी गंमत पोकळ्यांची. मधल्या कृष्णविवराच्या झोतांनी वायूत अक्षरशः फुगे पाडलेत. त्यातून ध्वनिलहरी पसरतात, एकेका लहरीला साधारण 1 कोटी वर्षं! त्या लहरींतून मिळणाऱ्या उष्णतेमुळेच बहुधा मधला वायू निवून त्याचे भराभर तारे होत नाहीत.

रात्री आईचा फोन. "काय केलंस गं आज?"
"गॅस मोजला."
"बरी आठवण केलीस. सिलिंडर लावायचाय, बाबांना सांगते."