तुम्ही विचारलंत म्हणून: स्नॉडग्रासचं एवढं काय?

"तो फ्रेड स्नॉडग्रास तुझा कोण लागतो रे, जिथे तिथे त्याची वकिली करतोस?" ऑफिसात, लग्नात, कुठेही हेच विचारतात. अमेरिकेतला जुना बेसबॉल खेळाडू तो. आता एकदाच सांगतो.

१६ ऑक्टोबर १९१२, बॉस्टनचं फेनवे पार्क, बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजची आठवी मॅच (एरवी जास्तीत जास्त सातच, पण दुसरी अंधारामुळे बरोबरीत सुटलेली, म्हणून आठवी). दहाव्या इनिंगमध्ये ह्याची टीम, न्यूयॉर्क जायंट्स, २-१ पुढे, फक्त तीन आउट हवेत. बॉस्टनच्या क्लाइड एंगलने बॉल उंच मारला, सेंटर फील्डला हा उभाच होता, शेजारच्या मरेला हात करून थांबवलं की माझा आहे म्हणून, बॉल ग्लव्हमध्ये आला आणि पडला. एंगल सेकंड बेसवर, म्हणजे धावेच्या अर्ध्या वाटेवर.

इथेच सगळे थांबतात, तिथे माझं डोकं फिरतं. लगेच पुढच्या हॅरी हूपरने लांब फटका मारला, तो ह्याच माणसाने जीव तोडून पळत जाऊन पकडला! मग जायंट्सचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, मॅथ्यूसन, त्याने एकाला वॉक दिला, म्हणजे चार वाईट बॉल टाकून फुकट फर्स्ट बेस. मग ट्रिस स्पीकरचा फाउल (रेषेबाहेर गेलेला फटका, पण झेलला तर आउटच) फर्स्ट बेसच्या बाजूला वर गेला, आणि पिचर, कॅचर, फर्स्ट बेसवाला तिघंही तू घे तू घे करत राहिले, बॉल टप्पकन खाली. जीवदान मिळाल्यावर स्पीकर सोडतो होय, २-२ झाले, मग लॅरी गार्डनरच्या सॅक्रिफाइस फ्लायवर (मारणारा कॅच आउट, पण बेसवरचा पळत येऊन धाव पुरी करतो) बॉस्टन ३-२. नाव मात्र ह्याचं. 'तीस हजार डॉलरचा कॅच', कारण जिंकणाऱ्या आणि हरणाऱ्या टीमच्या पैशात साधारण तेवढा फरक.

पुढे बँक, शेती, कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डचं महापौरपद, सगळं केलं. १९७४ मध्ये ८६ व्या वर्षी गेला तर न्यूयॉर्क टाइम्सच्या मथळ्यात काय, तर १९१२ चा सुटलेला कॅच.

बरं, माझंही सांगतो. नववीत कॉलनीच्या फायनलला लाँग ऑनवर मी सोडलाय, हाताला लोणी लावलं होतं का हे ऐकून झालंय. चाळिशी उलटली तरी परवा मुंजीत मित्राने लांबून मोसंबं फेकलं, "बघ हां, सुटेल!"

आधी मी म्हणायचो दोष त्या तिघांचा, स्नॉडग्रास निर्दोष. आता तेवढं ठामपणे म्हणवत नाही. कॅच सोपाच होता हो. माझाही सोपाच होता. पण मग हूपरचा तो पकडलेला कुठे मोजायचा?

मोसंबं पकडलं मी. तेव्हा सगळे पंगतीकडे वळले होते.