बाबांच्या ताटातलं मीठ

बाबांची मूत्रपिंडं कमी काम करताहेत असं कळलं, त्याच आठवड्यात मी घरातलं मीठ बदललं. पाकिटावर ‘कमी सोडियम’ असं ठळक छापलेलं, त्यामुळे मी निर्धास्त झाले. महिन्याने रक्त तपासलं तर पोटॅशियम ५.९! पाचच्या पुढे गेलं की डॉक्टर सावध होतात. आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसभरात काय काय खाल्लं जातं ते एकेक विचारलं आणि त्या मिठापाशी थांबल्या. अशा मिठात बऱ्याचदा सोडियम क्लोराइडच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घालतात. धडधाकट मूत्रपिंडं जादा पोटॅशियम बाहेर टाकतात. बाबांची टाकू शकत नव्हती, आणि ते साठत गेलं की हृदयाच्या ठोक्यांवर बेततं. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. तुमच्या घरी असा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते पाकीट आणू नका, कळकळीने सांगते.

पुन्हा साधं मीठ आलं, पण मोजून. ५ ग्रॅम मिठात, म्हणजे जेमतेम एका लहान चमच्यात, २,००० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. दिवसभरात मिळून त्याहून जास्त नको. बाबा दोन घास खाऊन ताट सरकवायचे. “अगं, पाणचट लागतंय,” एवढंच म्हणायचे.

खरा फरक पडला तो जिऱ्याने. जिरं कोरडंच, मंद आचेवर भाजायचं. वास सुटला आणि रंग जरासा गडद झाला की लगेच उतरवायचं, नाहीतर कडवटपणा येतो. मग भरड कुटून भाजीवर घालायचं, तेही पानात वाढताना. आधीच घातलं तर वास वाफेबरोबर निघून जातो. वर लिंबाचे चार थेंब. आंबट चव असली की मिठाची उणीव फारशी जाणवत नाही. लसूण मी ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवते, कारण त्याचा उग्रपणा ठेचल्यावरच तयार होतो. मिरी, आलं, दालचिनी, कोथिंबीर स्वयंपाकाला लागते तेवढी बाबांना चालते.

तयार मसाल्यांच्या पाकिटांवरचे घटक मात्र मी वाचतेच. मीठ बऱ्याचदा असतं, आणि ‘फॉस्फेट’ दिसलं तर पाकीट परत ठेवते. फॉस्फेट म्हणजे फॉस्फरसचाच क्षार. असं वरून घातलेलं फॉस्फरस शरीर जवळजवळ सगळं शोषून घेतं, आणि बाबांच्या मूत्रपिंडांना ते नीट बाहेर टाकता येत नाही. हळद चिमूटभर घालते, पण कोणी सुचवलेल्या हळदीच्या गोळ्यांना नाही म्हटलं. हळदीतलं ऑक्झलेट, म्हणजे वनस्पतींतला एक क्षार, गोळ्यांएवढ्या प्रमाणात आजारी मूत्रपिंडांना झेपत नाही. खोकल्यावर ज्येष्ठमधही बंद, त्याने रक्तदाब चढतो.

मागच्या तपासणीत पोटॅशियम ४.८ होतं. आता खलबत्ता बाबांच्या ताब्यात आहे. रविवारी मी आठवड्यापुरतंच जिरं भाजून देते. ते कुटतात, बाटलीत भरतात आणि झाकणावर तारीख घालतात. शनिवारी बाटली नाकाशी धरून म्हणतात, “वास उतरलाय गं, उद्या ताजं कर.”