मग हा वेगळा कसा

मंगळवार, रात्री उशिरा

नवऱ्याने खवचटपणे विचारलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. पण त्याने काल खरंच कुतूहलाने विचारलं, मटार सोलता सोलता, माझ्या मोबाईलकडे एक नजर टाकून, की कबीर सिंग पिक्चरच्या वेळी तू दादाशी भर जेवणात भांडली होतीस ना, मग हा वेगळा कसा? आणि उत्तराची वाटही न बघता कुकर लावायला उठला. इकडे माझ्या हातात फोन, फोनवर माझ्या जुन्या लाडक्या हिंदी मालिकेतला हिरो अर्णव सिंग रायजादा हिरॉईनचा, खुशीचा दंड धरून उभा, मागे मालिकेचं ते रब्बा वे गाणं चालू, आणि मी तो सीन परत मागे नेऊन बघतेय.

आजचा अख्खा दिवस याच्यात गेला. ऑफिसात व्हाउचर तपासताना डोक्यात हेच. उत्तर नाहीये असं नाही, उत्तरं खूप आहेत, पण नवऱ्यासमोर मनातल्या मनात म्हणून बघितली की प्रत्येक उत्तर दोन वाक्यांनंतर लंगडं पडतं. आणि राग कसला येतोय तर त्याने विचारलं याचा नाही, इतक्या वर्षांत मला स्वतःला हे विचारावंसं वाटलं नाही याचा. की वाटलं होतं आणि मीच टाळलं, कोण जाणे.

ही मालिका, 'इस प्यार को क्या नाम दूँ', २०११ मध्ये सुरू झाली, २०१२ च्या शेवटी संपली, आणि आम्हा मैत्रिणींचं अजून संपलेलं नाही. मस्कतवाली अजून दिवाळीला तोच दिव्यांचा सीन पाठवते. आम्ही बायका काही अगदीच बावळट नाही, त्यातल्या एकीने तर कौटुंबिक न्यायालयात वकिली केलीय, आणि तीच सगळ्यात जास्त वेडी. तर हा जो आमचा अर्णव, त्याने काय केलंय ते एकदा कोरडेपणाने लिहून काढूया. पहिल्याच भेटीत मुलीला डांबून ठेवलं आणि तिची बदनामी होईल असं केलं. नंतर नोकरीवर ठेवून छळ. आणि मग ते लग्न. तिच्या बहिणीचं लग्न मोडीन अशी धमकी देऊन रात्री देवळात जबरदस्तीने लग्न, सहा महिन्यांच्या करारावर, आणि का ते सांगायचं नाही. ती बिचारी विचारतेय, हा गप्प. वर्तमानपत्रात वाचलं असतं तर कलमं कुठली लागतील ते आमच्या वकीलबाईने घडाघडा सांगितलं असतं. आणि नेमक्या याच भागापासून पुढचे एपिसोड आम्हाला सगळ्यात जास्त आवडतात.

दुपारी डबा खाताना मला वाटलं सापडलं. क्लोजअप! म्हणजे असं की हा खुशीला काहीतरी भयंकर बोलतो, ती डोळे पुसत पाठ फिरवते, निघून जाते, आणि मग कॅमेरा तिच्यामागे जातच नाही, तो याच्याकडे वळतो. याचा जबडा आवळलेला, गळ्याची घाटी वरखाली होते, हात पुढे आलेला असतो तो अर्ध्यात थांबतो. अर्णव झालेला बरुण सोबती त्या चार-पाच सेकंदात जे करतो ते संवादात कुठेच नाही. ते फक्त आम्हाला दिसतं. खुशीला नाही दिसत. तिच्या दृष्टीने तो नुसता राक्षस, आणि ती त्याला म्हणतेही तसंच. पण गच्चीवर त्याने तिला ताईच्या नवऱ्याच्या, श्यामच्या मिठीत बघितलं आणि स्वतःच्या ताईचा संसार मोडतोय असं समजून तो आतून फाटलाय हे आम्हाला माहितीय, आणि तिला ते कळायला कितीतरी आठवडे लागतात. तर आम्ही जे एन्जॉय करतो तो छळ नाहीच, ते माहीत असणं आहे. तिच्या जागी आम्ही नसतोच, आम्ही कॅमेऱ्याच्या जागी असतो. माझ्यावर कोणी ओरडलं तर मला त्याचा क्लोजअप मिळत नाही, मला फक्त ओरडणं मिळतं.

इतकी खूश झाले की डब्यातलं लोणचं संपवलं सगळं.

आणि मग वॉशबेसिनपाशी हात धुताना लक्षात आलं की कबीर सिंगमध्ये काय कमी क्लोजअप आहेत का. अख्खा पिक्चर त्याचाच क्लोजअप. त्याचं दुःख, त्याची दाढी, त्याची दारू. तिथे मला का नाही पाझर फुटला? उलट २०१९ मध्ये दिग्दर्शकाने मुलाखतीत हिरोने हिरॉईनला मारलेल्या थपडेचं समर्थन केलं तेव्हा मी आठवडाभर भेटेल त्याच्याशी वाद घालत होते. दादाचं तेव्हाचं म्हणणं की अगं तो आतून तुटलाय, प्रेम आहे त्याचं. म्हणजे तो बिचारा नेमकं तेच बोलत होता जे मी आज डबा खाताना बोलले.

फरक आहे पण. आहेच. कबीर सिंगमधली हिरॉईन प्रीती कितीतरी वेळ तोंडच उघडत नाही, ती काय विचार करते, घरी कोणाशी भांडते, तिला काय खायला आवडतं, काही म्हणजे काही कळत नाही. आणि आमची खुशी? हलवायाची पोर, लखनौची, टेन्शन आलं की जिलब्या तळायला घेते, कढईत पीठ सोडता सोडता देवीमैय्याशी भांडते, त्याला तोंडावर लाड गव्हर्नर म्हणते. तो डायबेटिक आणि ही जिलब्यांच्या घरची, हे ज्याला कोणाला सुचलं त्याला माझा नमस्कार. तो एक बोलला की ही चार बोलते. घर तिच्या बाजूचं होतं, नानी तिच्या बाजूच्या, त्याची ताई तिच्या बाजूची. म्हणजे तिला घाबरण्यापेक्षा चिडायचीच सोय जास्त. हे मी नवऱ्याला सांगू शकते. पण सांगताना मला ऐकू येतंय की हे 'वेगळा कसा'चं उत्तर आहे, 'आवडतो का'चं नाही. ती उलट बोलते म्हणून त्याने दंड धरलेला चालतो असं थोडीच आहे.

कॉलेजला एमिली ब्राँटेची वदरिंग हाइट्स ही कादंबरी होती आम्हाला. तेव्हाही हेच. वर्गातल्या निम्म्या मुली त्यातल्या क्रूर हिरोवर, हीथक्लिफवर फिदा, मॅडम वैतागायच्या. त्यात एक इझाबेला आहे, सगळे तिला विसरतात, मीही विसरले होते, आज आठवली. श्रीमंताघरची लाडावलेली, हीथक्लिफच्या प्रेमात पडून पळून जाते. आणि निघायच्या वेळी हा तिच्या डोळ्यांदेखत तिच्या लाडक्या कुत्र्याला फास लावतो, तरी ती जाते! आणि पुढे तो स्वतःच तिच्या तोंडावर तिची टर उडवतो, की या बाईने मला कादंबरीतला हिरो समजून घर सोडलं. १८४७ ची कादंबरी आहे. म्हणजे एमिली ब्राँटेने आमच्यासारख्यांना त्या पुस्तकात आधीच बसवून ठेवलंय आणि तिचे हालही दाखवलेत, आणि तरी पावणेदोनशे वर्षं आम्ही ते पान भरभर उलटून त्याच्या प्रेयसीकडे, कॅथीकडे जातोय. तिची सख्खी बहीण शार्लट, तिने १८५० च्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली त्यात तिलाही प्रश्न पडलाय की हीथक्लिफसारखी माणसं निर्माण करणं बरोबर का, आणि तिचा कल नाहीकडे. तिलाही कोणीतरी मटार सोलता सोलता विचारलं असावं.

इझाबेला पळून जाते शेवटी, हे मात्र तिच्या बाजूने लिहिलं पाहिजे. पोटुशी असताना, बर्फातून. तिला कोणी हिरॉईन म्हणत नाही.

करार तर आपल्याकडे सखाराम बाइंडरमध्येही आहे. नवऱ्याने टाकलेली बाई घरी आणायची, हे माझे नियम, पटलं तर राहा, नाहीतर रस्ता मोकळा. पण सखाराम आणि लक्ष्मीचे तुकडे जोडून त्यावर गाणी लावलेली मी तरी कुठे बघितली नाहीत. तेंडुलकरांनी १९७२ मध्ये ती सोयच ठेवली नाही, सखारामच्या घरात ना पूलसाइड, ना वाऱ्याने उडणारी ओढणी, आणि स्टेजवर क्लोजअप कुठला.

चिंचवडवाली मैत्रिणीचा फोन आला होता संध्याकाळी. नवऱ्याचं, नेहमीचंच. फोन ठेवता ठेवता म्हणालीच, मनातून नाहीये गं तो तसा. मी हो म्हटलं, मी नेहमी हो म्हणते. तिला ते कुठे दिसतं, कुठल्या चार-पाच सेकंदात, हे मी कधी विचारलं नाही. तिने मालिका पूर्ण बघितली नव्हती, आवडत नाही असल्या म्हणायची. असो.

आता खरं लिहायचं तर जरा रडू आलं मला मघाशी. कशाचं तर कोणी आपल्यामुळे इतकं अस्वस्थ होत नाही याचं. त्या मालिकेत खुशी खोलीत आली की त्याचं सगळं बिघडतं, कामात लक्ष लागत नाही, फोनवरचं वाक्य अर्धं राहतं, तिच्या पायातलं पैंजण वाजलं तर याची मान वळते. आणि माझं म्हणजे मी नवीन चष्मा करून आले तर चौथ्या दिवशी, फ्रेम बदललीस का. मी घरात आले, गेले, आजारी पडले, सगळं एकाच आवाजात चालतं. प्रेम आहे, नाही असं नाही. औषध वेळेवर देतो, गॅसचं बटण दोनदा तपासतो. पण माझ्यामुळे कोणाचा जबडा आवळला असेल तर तो फक्त ऑडिटरचा. मला तो छळ नको, मला ते मोजमाप हवंय, की मी कोणाला किती हलवू शकते, आणि मालिकेला ते दाखवायला राग सोडून दुसरं काही येतच नाही. शांत माणसाचं प्रेम पडद्यावर कसं दाखवणार, गॅसचं बटण तपासताना? त्याला रब्बा वे लावून बघा.

हे लिहून झाल्यावर मी खरंच कल्पना करून बघितली. नवरा दात आवळून माझा दंड धरतोय आणि मागे वारा सुटलाय. पहिली गोष्ट म्हणजे त्याचा खांदा आखडलेला आहे. दुसरी म्हणजे मी आईला फोन लावला असता, आईने दादाला, आणि अर्ध्या तासात सगळं खानदान हॉलमध्ये. सहा महिन्यांचा करार सोडा, सहा मिनिटं टिकले नसते मी. हसूच आलं.

आणि आम्ही नुसतं बघत होतो असंही नाही ना. मालिका चालू असताना आणि संपल्यावर कितीतरी जणींनी स्वतःच्या गोष्टी लिहिल्या, मीही दोन-तीन लिहिल्या होत्या, कोणाला सांगितलेलं नाही. आणि त्यात आम्ही काय करायचो तर त्याला माफी मागायला लावायचो. मालिकेतली माफी आम्हाला पुरायचीच नाही. मी तर एका गोष्टीत त्याला तिच्या बाबांच्या दुकानात जिलब्या तळायला बसवलं होतं, घामाघूम, हाताला चटके, आणि खुशी गल्ल्यावर बसून सुट्टे मोजतेय, त्याच्याकडे बघतही नाहीये. ते लिहिताना जो आनंद झाला होता तो त्या देवळातल्या लग्नाच्या सीनने कधी दिला नाही. पण ते लग्न झालंच नसतं तर मी त्याला कढईसमोर बसवलं कशाला असतं, हाही घोळ आहेच. माफी हवी तर आधी अपराध हवा, आणि अपराध जितका मोठा तितकी माफी चवदार. किती पुरुषांनी प्रत्यक्षात माफी मागितलेली बघितलीय मी? बाबांनी आईची? जाऊ दे.

भाचीला मेसेज केला होता की तुम्ही ती डार्क रोमान्सची पुस्तकं वाचता, माफिया वगैरे, काय मिळतं गं त्यातून. तिचं उत्तर आलं, मावशी आमच्या पुस्तकात निदान पहिल्या पानावर लिहिलेलं तरी असतं की यात अपहरण आहे, मारहाण आहे, झेपेल तर वाचा, तुमच्याकडे तर हे सगळं आजीसोबत जेवता जेवता चालायचं. बरोबर आहे तिचं. सासूबाईंना अर्णव फार आवडायचा. करारी आहे मुलगा, म्हणायच्या.

झोपताना नवऱ्याला म्हटलं, उत्तर सापडलं नाही अजून. कशाचं म्हणाला. विसरला होता! मग मी सगळं सांगितलं, क्लोजअप, इझाबेला, कुत्रा, जिलब्या. ऐकून घेतलं त्याने, आणि विचारलं काय, तर डायबेटिस आहे त्याला तर गोळ्या की इन्शुलिन?

मालिका परत ओळीने बघतेय, त्यात उद्या देवळातल्या लग्नाचा एपिसोड आहे. तो लंच टाइममध्ये इअरफोन लावून एकटीच बघणार. घरी बघितला तर हा मधेच विचारेल ही सरळ पोलिसात का जात नाही, आणि तेव्हा मला सीन थांबवावा लागेल.