पोराचा ताप दोन दिवस, डोक्याला ताप नऊ दिवस

२१ सप्टेंबर २०२०, सोमवार. इंग्लंडमधल्या रेडिंग गावी नर्सरीच्या फाटकावरून मी पोराला कडेवर घेऊन परत आले. तो राग अजून उतरलेला नाही. फोनमध्ये कोविडचा निगेटिव्ह निकाल होता, पोरगा ठणठणीत होता, आणि मॅनेजर म्हणत होती, "डॉक्टरांचं पत्र आणा, मग बघू."

इथली नर्सरी म्हणजे आपलं पाळणाघर आणि बालवाडी एकत्र. मार्चमध्ये बंद झालेली, जूनमध्ये उघडलेली. आधीच्या सोमवारी दुपारी फोन आला की ताप ३८.४ आहे, घेऊन जा. (३७.८ म्हणजे आपला शंभर. त्यावर गेलं की घरी.) तिथवर त्यांनी सगळं चोख केलं होतं. वेगळी खोली, खिडकी सताड उघडी, आणि मास्क, एप्रन, हातमोजे घातलेली एक ताई त्याच्यापाशी. हा पठ्ठ्या प्लास्टिकच्या डायनासोरला टिश्यूत गुंडाळून "याला पण ताप आलाय" म्हणत बसलेला.

ताप मंगळवारी रात्री उतरला. साताऱ्याहून आई व्हिडिओवर म्हणाली, "अगं, हवा पालटली की पोरांना व्हायचंच. ओव्याचा शेक दे." तिचंच बरोबर निघालं, पण नियमाला ओवा चालत नव्हता. ताप, नवा सततचा खोकला किंवा वास-चव जाणं, यातलं एक जरी असलं तरी टेस्ट करायची आणि निकाल येईपर्यंत सगळ्या घराने कोंडून राहायचं. टेस्ट नाही केली तर त्याला १० दिवस, आम्हाला १४. नुसतं नाक वाहणं यात धरत नव्हते, हे मात्र सगळ्याच नर्सऱ्यांना पटलेलं नव्हतं.

आणि टेस्ट मिळेना. लक्षणं दिसल्यापासून पाच दिवसांत स्वॅब व्हायला हवा होता. सरकारी साइटवर पोस्टकोड टाकला की 'सध्या टेस्ट उपलब्ध नाहीत'. पुन्हा टाकला की थेट वेल्समधलं स्वॉन्झी! दीडशे मैल. रेडिंग आणि ते एकाच एम-फोर महामार्गावर आहेत, एवढंच काय ते समाधान. शाळा नुकत्याच उघडलेल्या, जो तो टेस्टच्या मागे. टेस्ट यंत्रणेच्या प्रमुख डायडो हार्डिंग यांनी त्याच आठवड्यात खासदारांना सांगितलं की मागणी क्षमतेच्या तीन-चारपट आहे. आम्ही आळीपाळीने मोबाइल घेऊन बसायचो. गुरुवारी पहाटे पावणेसहाला जवळचं केंद्र दिसलं आणि नवऱ्याने झोपेतच बटण दाबलं. दिवसभर ताटकळण्यापेक्षा पहाटे बघायचं, हा आमचा तेव्हाचा शोध. स्वॅब गाडीतच आपल्याला घ्यावा लागायचा. एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने नाकात काडी. निकाल यायला रविवारची रात्र झाली.

म्हणून सोमवारी फाटकावर माझा पारा चढला. दवाखान्यात फोन केला. वीस मिनिटं संगीत ऐकून झाल्यावर रिसेप्शनिस्ट म्हणाली, "अशी पत्रं आम्ही देत नाही." मॅनेजर म्हणते आणा, दवाखाना म्हणतो देत नाही. मधल्या मध्ये माझी सुट्टी संपली, आणि फी? ती पूर्ण. (करारावर सही करण्याआधी आजारपणातल्या फीचं कलम वाचा. मी वाचलं नव्हतं.)

रात्री चिडून शिक्षण खात्याच्या मार्गदर्शक सूचना वाचायला घेतल्या. कंटाळवाणं काम, पण एका वाक्याने पैसे वसूल झाले: मुलाला परत घेण्याआधी निगेटिव्ह निकालाचा पुरावा किंवा इतर वैद्यकीय कागद मागू नये. म्हणजे पत्र सोडाच, निकालसुद्धा दाखवायची गरज नव्हती! ते वाक्य जसंच्या तसं उतरवून, लिंक जोडून मेल केला. वर एकही रागाचा शब्द नाही. तीन मसुदे खोडले त्यासाठी. मंगळवारी संध्याकाळी उत्तर आलं, 'या वेळेपुरतं घेतो.' या वेळेपुरतं म्हणे.

ताप कधी चढला, कधी उतरला हे वेळेसकट लिहून ठेवा. तेव्हा केंद्रावर, फोनवर, मेलमध्ये सगळीकडे विचारत होते. आणि सकाळी कॅलपॉल पाजून पोराला सोडून येऊ नका. दुपारी औषध उतरतं तोवर तो पाचजणांच्या तोंडाशी चमचे नेऊन आलेला असतो.

बुधवारी गेलो. फाटकावर कपाळाला ती तापाची बंदूक लावली. रोज असा ताप मोजणं भरवशाचं नाही, त्यामुळे ते नको, हेही त्याच सूचनांत होतं, पण मी तोंड मिटून उभी राहिले. गार वाऱ्यातून चालत आलेलं पोर, बंदुकीत ३५.९. ताईने वहीत लिहिलं, त्याचं वाहणारं नाक टिश्यूने पुसलं, टिश्यू झाकणाच्या डब्यात टाकला आणि त्याला आत घेतलं.