पायांच्या मुंग्या आणि ५५ एस

अकरावीच्या वर्गात मी दरवर्षी रायबोसोम, म्हणजे पेशीतले प्रथिनं बनवणारे कण, शिकवते. जिवाणूंचे ७० एस, आपले ८० एस. ७० एसचे दोन भाग, ५० एस आणि ३० एस. ५० आणि ३० मिळून ७० कसे, यावर मुलं हमखास अडतात. मग सांगावं लागतं की एस हे वजन नव्हे. सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वेगानं गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, कण किती वेगानं खाली बसतो याचं ते माप, त्याची बेरीज होत नाही.

दोन वर्षांपूर्वी मला औषधांना दाद न देणारा टीबी झाला. दीड वर्षाचे उपचार, त्यात रोज ६०० मिलिग्रॅम लिनेझोलिड. हे औषध जिवाणूच्या ५० एस भागात, अमिनो आम्लं जोडली जातात त्याच जागी जाऊन बसतं. प्रथिनं बनेनाशी झाली की जंतूची वाढ खुंटते. आपल्या ८० एसमध्ये त्या जागेची घडण जरा वेगळी, म्हणून तिथे ते तसं बसत नाही. त्या जराशा फरकाच्या भरवशावर मी रोज गोळी घेत होते.

चौथ्या महिन्यात तळपायांना मुंग्या यायला लागल्या. फरशीवर चालतानाही पायाखाली वाळू असल्यासारखं वाटे. एकदा चप्पल पायातून निसटली, ते चार पावलं गेल्यावर कळलं. गोळी बंद करतील या भीतीनं मी आठवडाभर गप्प राहिले. असं कुणीही करू नका, लगेच सांगा.

डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क वाजवून घोट्याच्या हाडावर टेकवला. "थरथर थांबली की सांगा." मी लगेच "थांबली" म्हटलं. फोर्क त्यांच्या बोटांत अजून थरथरत होता. हिमोग्लोबिनही १२ वरून ९ वर आलं होतं.

कारण आपल्याच पेशींत होतं. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांचे (मायटोकॉन्ड्रियांचे) रायबोसोम वेगळे असतात, आणि तंतुकणिका मूळच्या जिवाणूंपासून आलेल्या, त्यामुळे हे रायबोसोमही त्याच वळणाचे. लिनेझोलिड त्यांनाही धरतं. मग चेतातंतू आणि अस्थिमज्जेला झळ बसते. पाठ्यपुस्तकात तंतुकणिकांचे रायबोसोम सरसकट ७० एस लिहिलेले असतात. माणसात ते ५५ एस असतात. आता फळ्यावर मी तोही आकडा लिहिते.

डोस ३०० वर आणला. दर महिन्याला रक्त, शिवाय डोळ्यांची आणि रंग ओळखण्याची तपासणी. हिमोग्लोबिन काही आठवड्यांत सावरलं, पायांनी फार वेळ घेतला. उपचार पूर्ण झाले, थुंकीत जंतू नाहीत. घोट्यावर थरथर आता बराच वेळ जाणवते. डाव्या अंगठ्यावर अजून नाही.