दरपत्रक लिहायला घेतलं

रविवार

तुळशीची लग्नं लागली. आता आठ-पंधरा दिवसांत लग्नाच्या फोटोंसाठी फोन सुरू होतील आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असेल, "एका दिवसाचं किती घेता?" त्यावर लगेच आकडा सांगू नये. आधी आपण विचारावं: अक्षता किती वाजता, हळद आदल्या दिवशी की त्याच सकाळी, देवक घरी की कार्यालयात, वरात आहे का, अल्बम एकच की दोन्ही घरांना एकेक. एवढं कळलं की मग आकडा.

हा आकडा शेजारच्या स्टुडिओवरून काढायचा नाही. त्यानं कॅमेरा कधी घेतला, घर कशावर चालतं, हे आपल्याला ठाऊक नसतं. आकडा आपल्याच वहीतून निघाला पाहिजे. समजा दोन कॅमेरे, तीन लेन्स, फ्लॅश आणि कॉम्प्युटर मिळून ६ लाख गुंतले. चार वर्षांनी विकून दीड लाख हातात येतील. म्हणजे झीज साडेचार लाखांची, वर्षाला १,१२,५००. सॉफ्टवेअर, इंटरनेट, हार्ड डिस्क, सर्व्हिसिंग, विमा, लाइट बिल यांचे वर्षाला ९०,०००. घरखर्च महिन्याला ३०,००० धरला तरी वर्षाचे ३,६०,०००. बेरीज ५,६२,५००. वर्षात ४५ दिवस काम मिळालं तर कामाचा एक दिवस १२,५०० ला पडतो. यात मदतनीस नाही, व्हिडिओ नाही, अल्बम नाही, प्रवास नाही. तेच दिवस ६० झाले तर ९,३७५ आणि ३० झाले तर १८,७५०. म्हणून आधी दिवस मोजायचे, आणि तेही हात आखडून.

अधिक महिन्याच्या वर्षी तर जास्तच जपून. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. गावाकडची लग्नं मे महिन्यातच जास्त निघतात, आणि त्यातला दुसरा पंधरवडा अशा वेळी जवळजवळ कोराच. आदल्या वर्षाचे ४५ दिवस अशा वर्षाला तसेच धरले तर हिशेब तिथंच चुकला.

सोमवार

लग्नाचा दिवस सगळ्यांना दिसतो, त्यानंतरचे दिवस कुणाला दिसत नाहीत. दर खरा त्यांचा असतो. एका लग्नात ३,००० फोटो निघतात. त्यातून ६०० निवडायला तीन तास. एका फोटोच्या रंगावर एकच मिनिट घातलं तरी दहा तास. १२ बाय ३६ चा ३० शीटचा अल्बम, शीटला वीस मिनिटं, म्हणजे आणखी दहा तास. दुरुस्त्यांचे तीन, कॉपी करण्याचे एक-दोन. सत्तावीस-अठ्ठावीस तास, म्हणजे साडेतीन दिवस. ४५ लग्नांमागे असे दीडशेहून जास्त दिवस खुर्चीत जातात. "एका दिवसाचे एवढे?" असं कुणी म्हटलं तर हाच हिशेब त्यांच्यापुढे ठेवावा. रागावून नव्हे, समजावून. बहुतेकांना तो पटतो.

साठवणीचंही तेच. २४ मेगापिक्सेलची रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची फाइल २८ एमबी धरली तर ३,००० फोटोंचे ८४ जीबी. दोन कॉप्या ठेवायच्याच, म्हणजे १६८. अशी ४५ लग्नं केली की साडेसात टीबी. ४ टीबीच्या दोन डिस्क वर्षाला लागतातच, आणि त्या "हाताशी आहेत" म्हणून हिशेबाबाहेर राहतात.

शटर, म्हणजे दर फोटोला उघडझाप करणारा कॅमेऱ्यातला पडदा, तोही झिजतो. वर्षाचे १,३५,००० फोटो दोन कॅमेऱ्यांत वाटले तर एकावर ६७,५०० पडतात. दोन लाख फोटो टिकणारं शटर तीन वर्षांत संपतं. आपण कॅमेरा चार वर्षांचा धरलाय. मधल्या शटर बदलाचे पैसे सर्व्हिसिंगमध्ये आजच धरावेत. ते वाचवायला पडदा न हलवणारं इलेक्ट्रॉनिक शटर लावावं तर कार्यालयातल्या एलईडीखाली फोटोवर आडवे पट्टे उमटतात, कारण सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो आणि दिवा मधेच मिणमिणतो. असे पट्टे एडिटिंगमध्ये नीट जात नाहीत. अक्षतांच्या वेळी मेकॅनिकलच.

बेळगावशेजारच्या खानापूरच्या बाजूला राहणाऱ्यांनी पावसाळ्याचाही खर्च लिहावा. लेन्स बंद बॅगेत चार महिने पडली की बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांवर ठेवली तर निभावतं.

बुधवार

आज प्रवासाचं पान. आपल्याकडे काम बेळगावात, मुलगी चंदगडची, रिसेप्शन कोल्हापुरात, असं सर्रास असतं. कामाचा दर तिन्हीकडे एकच ठेवावा. "कोल्हापूरचे लोक जास्त देतात, गावाकडचे कमी" असं धरून दोन दर ठेवले की पाहुण्यारावळ्यांतून ते चार दिवसांत फुटतात, आणि मग दोन्हीकडचा विश्वास जातो. वेगळा लावायचा तो प्रवास. कोल्हापूर जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर, लिटरला १५ धरले तर पंधरा लिटर, वर हत्तरगी आणि कोगनोळीचा टोल. पिवळ्या पाटीची गाडी भाड्यानं घेतली तर हद्द ओलांडायचं परमिट तिच्याकडे आहे का ते आधीच विचारावं, नाहीतर तो खर्च आयत्या वेळी आपल्या गळ्यात. गोव्याचं काम असेल आणि रात्री उशिरा संपणार असेल तर चोर्ला घाटातून झोपेत गाडी हाकू नये. मुक्कामाचे पैसे दरातच लिहावेत.

हद्दीपलीकडे बिल केलं म्हणजे जीएसटी नंबर लागतोच, असा समज आहे. तसं नाही. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर दुसऱ्या राज्यातल्या कामालाही नोंदणीची सक्ती नाही. ही सवलत ऑक्टोबर २०१७ पासून आहे. नोंदणी असेल तर १८ टक्के, आणि ते दरपत्रकात वेगळे दाखवावेत. "सगळं धरून" म्हणालं की ते आपल्याच खिशातून जातात.

ड्रोनही वेगळाच. बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर पायलटचं प्रमाणपत्र लागतं. आधी कार्यालयाची जागा नकाशावर बघावी, मगच हो म्हणावं.

शुक्रवार

अल्बमचं नावाचं पान. सीमाभागातल्या अल्बमवर नावं अनेकदा मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत लागतात, आणि पैसे इथंच बुडतात. फोटोशॉपमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट, म्हणजे आपल्या लिप्यांची जोडाक्षरं नीट जुळवणारी सोय, चालू नसेल तर "श्रद्धा" मधला द्ध सुटतो, पाय मोडलेला द आणि शेजारी ध असा दिसतो. कन्नडमधली ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरातली खाली लिहायची अक्षरं, अक्षराखाली न बसता बाजूला सरकतात. स्क्रीनवर घाईत हे नजरेतून निसटतं, छापून आल्यावर मात्र घरातली आजी पहिल्यांदा तेच पाहते. शीट पुन्हा छापायचं म्हणजे अल्बमची बांधणी उकलावी लागते, लॅब निम्म्याहून जास्त पैसे पुन्हा मागते. म्हणून पीडीएफ दोन्ही घरांना पाठवावी, कन्नड नाव कन्नड वाचणाऱ्याकडूनच तपासून घ्यावं आणि "नावं बरोबर आहेत" असं लेखी आल्याशिवाय लॅबला फाइल पाठवू नये. दोन दुरुस्त्या दरात, तिसरीपासून तासाचा दर, हे आधीच लिहावं.

शनिवार

हप्ते. तारीख पक्की करताना ३० टक्के, लग्नाच्या आदल्या दिवशी ५०, आणि उरलेले २० अल्बम छापायला टाकण्याआधी. अल्बम हातात दिल्यावर घेऊ म्हटलं की ते २० अडकतात. लग्नघराचे पैसे तोवर संपलेले असतात, आणि लॅबचं बिल आपण भरून बसलेलो असतो. तारीख रद्द झाली तर पहिल्या ३० चं काय, तारीख बदलली तर काय, तेही त्याच कागदावर लिहावं.

आणखी एक ओळ राहू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काढून घेणारा असतो. फोटोग्राफर नव्हे. आपल्या इंटरनेटवरच्या पानावर नवरीचा फोटो टाकायचा असेल तर तशी संमती दरपत्रकातच घ्यावी, आणि घरच्यांना नको असेल तर खोडायला शेजारी जागा ठेवावी. उद्या हेच कन्नडमध्ये उतरवून घ्यायचं. सही करणाऱ्याला स्वतःच्या भाषेत वाचता आलं पाहिजे.