चहाच्या सुट्टीनंतरचा पहिला नग

चाकणच्या एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरच्या डब्यांत दोन घटक मिसळल्यावर घट्ट होणारे पॉलियुरेथेन हे प्लास्टिक भरणारे स्वयंचलित यंत्र उभे करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा सर्वांत जास्त वेळ रोबोटला लागेल असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात रोबोटचा मार्ग, नोझलची उंची आणि कोपऱ्यावरचा वेग हे सारे दोन दिवसांत जुळले. त्यानंतरचे पाच आठवडे त्या दोन घटकांचे, म्हणजे रेझिन आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर यांचे, प्रमाण सांभाळण्यात गेले.

पहिला घोळ कागदावरच होऊ शकला असता. पुरवठादाराच्या पत्रकात प्रमाण वजनाने 100 ला 15 असे दिलेले होते, पण गिअर पंप वजन मोजत नाही, तो आकारमान ढकलतो. रेझिनमध्ये खनिज भुकटी असल्याने त्याची घनता 1.6 होती आणि हार्डनरची 1.2, म्हणजे 62.5 ला 12.5, अर्थात आकारमानाने 5 ला 1. वजनाचेच प्रमाण पंपाला दिले असते, तर 100 ग्रॅम रेझिनमागे 15 ऐवजी जेमतेम 11.25 ग्रॅम हार्डनर गेले असते आणि एकही नग नीट घट्ट झाला नसता. ही भुकटी आणखी दोन प्रकारे त्रास देते: ती टाकीच्या तळाशी बसते, म्हणून ढवळणी सतत चालू ठेवावी लागते, आणि ती पंपाचे दाते झिजवते, म्हणून प्रमाण एकदा जुळले की कायमचे जुळले असे समजून चालत नाही.

पॉलियुरेथेनचा हार्डनर म्हणजे आयसोसायनेट, आणि त्याचे पाण्याशी हाडवैर आहे. हवेतली आर्द्रता त्याला मिळाली की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, भरावात बुडबुडे धरतात आणि टाकीच्या तोंडाशी कडक पापुद्रा जमतो. आम्ही यंत्र सुरू केले ते जून महिन्यात, त्यामुळे टाकीत शिरणारी हवा सिलिका जेलच्या नळकांड्यातून घेणे ही पहिल्या दिवसापासूनची गरज होती. आयसोसायनेटची वाफ श्वासाला घातक असल्याने नोझलजवळ हवा ओढून घेणारी सोयही तेव्हाच केली.

इतके करूनही नग नापास होऊ लागले. डब्याच्या एका कोपऱ्यात चिकट पट्टा राही. बाकीचा भराव ठणठणीत असे. आम्ही मिक्सर, म्हणजे दोन्ही घटक एकत्र करणारी नोझलची पात्यांची नळी, काढून ते घटक वेगवेगळ्या कपांत मिनिटभर घेतले आणि काट्यावर तोलले, तर प्रमाण अचूक. चाचणी चार वेळा केली, चारही वेळा अचूक. मग संशय मिक्सरवर गेला. तो 24 पात्यांचा होता; प्रत्येक पाते प्रवाहाचे दोन भाग करते, म्हणजे हिशेबाने 1 कोटी 67 लाखांहून अधिक थर होतात. अधिक पात्यांचा मिक्सर लावून पाहिला, तरी फरक पडला नाही.

धागा सापडला तो लाइनवरच्या ऑपरेटरमुळे. तो म्हणाला, ‘‘साहेब, चहानंतरचा पहिलाच नग चिकट निघतो, बाकीचे नाही.’’ नापास नगांच्या वेळा तपासल्या तेव्हा त्याचे म्हणणे तंतोतंत खरे ठरले, आणि ही नोंद आपण आधी का ठेवली नाही याची मला लाज वाटली.

कारण असे होते. हार्डनर पातळ असतो, म्हणून यंत्र थांबल्यावर तो पंपाच्या बारीक फटींतून हळूहळू मागे झिरपतो आणि दहा मिनिटांत त्याच्या होजमधला, म्हणजे पंपापासून नोझलकडे जाणाऱ्या नळीतला, दाब उतरतो. रेझिन दाट असल्याने त्याचा दाब टिकून राहतो. त्यात आमचा हार्डनरचा होज लांब, मऊ आणि मध्येच कमानीसारखा उंच गेलेला होता, आणि त्या उंचवट्यावर हवा अडकली होती. व्हॉल्व्ह उघडताच रेझिन लगेच निघे, हार्डनर मात्र आधी हवा दाबत बसे आणि क्षणभर उशिरा पोहोचे. मिक्सर प्रवाह आडव्या दिशेने मिसळतो, मागचे पुढच्यात मिसळत नाही. उशिरा आलेला हार्डनर तो पुढे पाठवू शकत नाही. मिनिटभराच्या वजनात तो क्षण बुडून जात होता. शिवाय मिक्सर काढल्यामुळे त्याचा विरोधी दाबही नाहीसा होई, म्हणजे आमची चाचणी यंत्राला सर्वांत सोप्या परिस्थितीत तपासत होती.

प्रत्येक थांब्यानंतर पहिला शॉट, म्हणजे एका वेळी नोझलमधून सोडलेला माल, टाकून द्यावा असा सोपा तोडगा काहींनी सुचवला. मला तो पटला नाही, कारण त्यात माल वाया जातो आणि होजमधली हवा वाढली की टाकून द्यायचा शॉट किती मोठा हवा हे कोणीच सांगू शकत नाही. आम्ही होज आखूड आणि कडक घेतला, उंचवटा काढला, हवा पूर्ण बाहेर सोडली आणि व्हॉल्व्ह उघडण्याआधी दोन्ही बाजू ठरलेल्या दाबापर्यंत आणण्याची पायरी प्रोग्रॅममध्ये घातली. एक जरी दाब कमी असला तरी नोझल उघडत नाही. मिक्सरमध्ये माल घट्ट होण्याआधी तो बाहेर काढण्याची पर्जची वेळ मात्र वेगळी ठेवली. ती पत्रकातल्या 25 अंशांवर नव्हे, तर शेडमधल्या तापमानावर ठरवली, कारण तापमान 10 अंशांनी वाढले की हाताशी असलेला वेळ ढोबळमानाने निम्मा होतो.

प्रमाणाची चाचणीही बदलली. आता यंत्र दहा मिनिटे थांबवून, मिक्सरइतका विरोध देणारे नोझल लावून, फक्त पहिल्या शॉटचे दोन्ही घटक तोलले जातात आणि मिनिटभराचे वजन त्यानंतर घेतले जाते. ही नोंद प्रत्येक पाळीत चहाच्या सुट्टीनंतर होते, आणि ती करण्याचे काम त्याच ऑपरेटरने स्वतःहून मागून घेतले.